बंगळुरूत पावसाळा नेमका कधी असतो?

प्रश्न पुण्याच्या एका ताईंचा आहे. यजमानांची बंगळुरूला बदली झाली आहे. जानेवारीत चार दिवस येऊन त्यांनी दोन फ्लॅट पाहून ठेवले. एक बेळ्ळंदूरच्या बाजूला तळमजल्यावर, दुसरा मल्लेश्वरमला चौथ्या म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर. त्या विचारतात, "जूनमध्ये पावसाळा लागायच्या आत, मे अखेरीला सामान हलवायचं ठरवलंय. सासऱ्यांना दमा आहे. तिथली हवा बाराही महिने सारखीच असते म्हणतात. मग एसी, गरम कपडे, रेनकोट यातलं काय आणू? आणि घर कुठलं घेऊ?"

ताई, मी हवामान निरीक्षक म्हणून एकतीस वर्षं नोकरी केली. सुरुवातीची काही वर्षं पुण्यात, पुढची सगळी कर्नाटकात. निवृत्तीनंतर बंगळुरूतच राहिलो. गच्चीवर माझा स्वतःचा पर्जन्यमापक आहे आणि सकाळी साडेआठला त्यातलं पाणी मोजून वहीत टिपल्याशिवाय मी चहा घेत नाही. त्या वहीच्या आधारानं उत्तर देतो. घराचा निर्णय सगळ्यात महत्त्वाचा आहे, पण तो कळायला आधी इथला पाऊस कळला पाहिजे.

"हवा बाराही महिने सारखी" हे थंडी-उन्हाळ्यापुरतं बरंचसं खरं आहे. पावसाला ते मुळीच लागू पडत नाही. आणि "जूनमध्ये पावसाळा लागतो" हे वाक्य पुण्याचं आहे, बंगळुरूचं नाही.

आधी थंडी-उन्हाळ्याचं सांगतो, ते थोडक्यात उरकेल. चेन्नई आणि बंगळुरू जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, १३ अंश उत्तर. चेन्नई समुद्राच्या काठाला आणि बंगळुरू सुमारे ९२० मीटर उंचीवर. हवेत हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. मे महिन्यात चेन्नईची दुपार ३७-३८ अंशांची असते तेव्हा इथली ३३ च्या आसपास असते, त्याचं मुख्य कारण एवढंच. पुणं ५६० मीटरवर आहे, म्हणजे तुम्ही सिंहगडाच्या निम्म्या चढाइतक्या वर राहायला येताय. १८०९ च्या सुमारास इंग्रजांनी श्रीरंगपट्टणची रोगट छावणी उठवून इथं कँटोन्मेंट वसवलं, तेही हवेकडे बघूनच. मी पहिल्यांदा इथं बदलून आलो तेव्हा मल्लेश्वरमच्या जुन्या घरात जी खोली भाड्यानं मिळाली, तिच्या छताला पंख्यासाठी कडीच नव्हती. घरमालकीण अज्जींना मी विचारलं, तर त्यांना प्रश्नच कळेना. पंखा कशाला हवा?

आता कडी लागते. मार्च आणि एप्रिल हे इथले कडक महिने. पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो मेच्या मध्याला, १३-१४ तारखेला. इथं तो २४ एप्रिललाच येतो, त्या दिवशी भर दुपारी उभ्या काठीची सावली पडत नाही. म्हणून उन्हाळ्याचा माथा इथं लवकर गाठला जातो आणि मेमध्ये वळवाच्या सरींनी तो उतरायलाही लागतो. एप्रिलची सरासरी कमाल ३४ अंशांच्या आसपास. शहराच्या नोंदीतलं सर्वांत चढं तापमान ३९.२ अंश, तारीख २४ एप्रिल २०१६. २८ एप्रिल २०२४ ला पारा पुन्हा ३८.५ वर गेला. हवा कोरडी असते, घामाच्या धारा लागत नाहीत, संध्याकाळी सातनंतर वारा सुटतो आणि रात्री झोप लागते. पण उंचीमुळे ऊन टोचतं. सावलीत बरं आणि उन्हात कातडी पोळते, असा अनुभव येईल.

थंडीचं म्हणाल तर पुणेकराला इथली थंडी थंडी वाटणार नाही. शिवाजीनगरला पारा आठ-नऊवर उतरणं नवीन नाही. इथं डिसेंबर-जानेवारीची पहाट सरासरी १५-१६ अंशांची. १२ च्या खाली गेलं की पेपरात बातमी येते. नोंदीतला नीचांक ७.८ अंश, १३ जानेवारी १८८४ चा, आणि तो अजून टिकून आहे.

आता पाऊस.

वर्षभराची बेरीज पाहिली तर पुण्यात साधारण साडेसातशे मिलिमीटर आणि बंगळुरूत हजाराच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे इथं पुण्याहून जास्त. हे ऐकून पुण्याहून आलेली मंडळी चकित होतात, कारण इथं जून-जुलै काढून त्यांनी "काही पाऊसच नाही हो इथं" असं घरी फोनवर सांगितलेलं असतं. पुण्याचा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मावतो. इथला एप्रिलच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सात महिने पसरलेला आहे आणि त्याला दोन उंचवटे आहेत. पहिला मेमध्ये, सरासरी सव्वाशेच्या जवळ. मग जून-जुलैत जरा बसका, दर महिन्याला शंभर-एकशेदहा. ऑगस्टपासून चढ आणि सप्टेंबरात दोनशेच्या आसपास, वर्षातला सगळ्यात भिजका महिना. ऑक्टोबर त्याच्या पाठोपाठ. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च तिन्ही मिळून पंचवीस मिलिमीटर भरले तरी पुष्कळ. तुम्ही घरं पाहिलीत ती नेमकी त्या कोरड्या महिन्यांत, हे लक्षात ठेवा. त्याच्याकडे परत येतो.

असं का होतं, ते समजलं की आभाळाकडे बघून निम्मे अंदाज तुमचे तुम्हालाच बांधता येतील.

जून-जुलैत नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून येतात आणि सह्याद्रीवर आपटतात. कर्नाटकात घाटमाथ्यावरच्या आगुंबेला वर्षाला सात हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तोच वारा घाट उतरून पूर्वेला आला की कोरडा होत जातो. महाबळेश्वरला धो धो आणि फलटणला धूळ, हे आपण बघतोच. बंगळुरू तसंच पर्जन्यछायेत आहे. शिवाय या दिवसांत मोसमी वाऱ्याचा सगळ्यात जोराचा पट्टा समुद्रसपाटीपासून दीडेक किलोमीटर उंचीवरून वाहत असतो. बंगळुरू स्वतःच जवळजवळ किलोमीटरभर उंचीवर. त्यामुळे जूनच्या शेवटापासून ऑगस्टपर्यंत इथं दिवसभर घोंघावता पश्चिम वारा असतो. दारं आपटतात, गच्चीवरचे कपडे चिमट्यासकट उडून जातात. ढग असतात, आभाळ राखी असतं, पण वारा त्या ढगांना उंच वाढूच देत नाही. मग पडते ती भुरभुर. कन्नडमध्ये या न थांबणाऱ्या बारीक पावसाला 'जडी मळे' म्हणतात. विदर्भातली झड तुम्हाला माहीत असेल, शब्दाच्या कुळीचं तुम्हीच बघा. अशा दिवसात दुपारचं तापमान २७-२८, रात्रीचं २०. माझ्या मते बंगळुरूची खरी सुखाची हवा हीच. जानेवारीचं कौतुक सगळे करतात, मला जुलै जास्त आवडतो.

एप्रिल-मेचा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस वेगळ्या जातीचा. तो गडगडाटी. जमीन तापलेली, बंगालच्या उपसागरावरून आणि अरबी समुद्रावरून बाष्प आत येतं, आणि मराठवाड्या-विदर्भाकडून कर्नाटकाच्या अंतर्भागातून केरळकडे हवेच्या कमी दाबाचा एक पट्टा उतरलेला असतो. टीव्हीवर उन्हाळ्यात "द्रोणीय स्थिती" म्हणतात ना, ती हीच. तिच्या आसपास वारे एकत्र येतात आणि ढग बारा-चौदा किलोमीटर उंच चढतो. सप्टेंबरात मोसमी वाऱ्याचा जोर ओसरतो, ढगाला उभं राहायला उसंत मिळते आणि वादळी सरी परत सुरू होतात. २० ऑक्टोबरच्या सुमारास ईशान्य मोसमी पाऊस लागतो, तो मुख्यतः तमिळनाडूचा, पण त्याची झालर इथवर येते. म्हणजे बंगळुरू दोन मोसमांच्या मधल्या उंबरठ्यावर आहे. दोन्हींचा पूर्ण मारा इथं नाही, आणि दोन्हींचा थोडा थोडा वाटा मात्र आहे.

इथल्या शेतकऱ्यांना हे सगळं वेधशाळेच्या आधीपासून ठाऊक आहे. आपल्याकडे मृग लागला की पेरणीची घाई. इथल्या आजूबाजूच्या गावांत नाचणी, म्हणजे रागी, जुलै उजाडला तरी पेरत असतात, कधी ऑगस्टपर्यंतही. नक्षत्रं तीच, आपलीच. आपला हस्त तो त्यांचा हस्ता, आपली चित्रा ती त्यांची चित्ता. आपल्याकडे २७ सप्टेंबरच्या सुमारास लागणारा हत्तीचा पाऊस म्हणजे मोसमाची शेवटची गाठोडी. इथं तोच ऐन भरातला. "पडतील स्वाती तर पिकतील मोती" ही म्हण मला पुण्यापेक्षा इथं जास्त पटली, कारण रागी ओंब्यावर येते ती त्याच सुमाराला.

आणि हे पाऊस लहान नसतात. शहरातला चोवीस तासांचा सर्वांत मोठा पाऊस १ ऑक्टोबर १९९७ चा, १७८.९ मिलिमीटर. त्याआधीचा मोठा आकडा १२ सप्टेंबर १९८८ चा, १७७.६. आकडा वाचून अंदाज येत नाही म्हणून सांगतो. आमच्याकडे पर्जन्यमापकाच्या बाटलीतलं पाणी ज्या काचेच्या उभ्या मोजपात्रात ओतून वाचतात, त्यात एका वेळी २० मिलिमीटर पाऊस मावतो. ते काठोकाठ भरायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा, आकडा लिहायचा, ओतून द्यायचं, पुन्हा भरायचं. एरवी एकदाही पूर्ण भरत नाही. १७८.९ मोजायला ते नऊ वेळा भरावं लागतं. बहुतेक सगळा पाऊस तीन-चार तासांत उतरलेला असतो, आणि पावसाची वेळही ठरलेली, संध्याकाळी चार ते रात्री दहा. कचेऱ्या सुटायची तीच वेळ.

दुसरी गोष्ट म्हणजे हा पाऊस तुकड्यातुकड्यांनी पडतो. माझा जुना सहकारी येलहंकाला राहतो, मी जयनगरला. वीस किलोमीटरचं अंतर असेल. रोज सकाळी आम्ही एकमेकांना आकडा कळवतो. गेल्या वर्षी सप्टेंबरात एका सकाळी माझ्या बाटलीत ६१ मिलिमीटर निघाले आणि त्यानं कळवलं, "शून्य. धूळही बसली नाही." पुढच्या आठवड्यात उलट झालं. त्यामुळे "बंगळुरूत आज पाऊस" या अंदाजाचा अर्थ "शहरात कुठं ना कुठं" एवढाच धरा. फोनवर बंगळुरू मेघसंदेश हे ॲप घ्या, त्यात प्रभागवार पाऊस दिसतो. विजांसाठी आपल्या पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलेलं दामिनी घ्या, ते जवळपास वीज पडत असेल तर सांगतं. आणि दुपारी तीन-साडेतीनला वारा एकदम पडला, उकडायला लागलं, फुलकोबीच्या गड्ड्यासारखे ढग वर चढताना दिसले, तर मुलांना शाळेतून आणायची घाई करा. ढगाच्या पोटातून थंड वाऱ्याचा झोत आधी येतो आणि पाठोपाठ सर. त्या झोतानं गुलमोहोर आणि पर्जन्यवृक्ष उन्मळतात. एप्रिल-मेत गाडी मोठ्या झाडाखाली लावू नका, कितीही सावली दिसली तरी.

आता घर. जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या डोळ्यांसमोर घरातल्या माणसाचं नुकसान झालंय.

बंगळुरूला मोठी नदी नाही. शहर एका उंचवट्याच्या पाठीवर बसलंय. पश्चिमेला पडलेलं पाणी वृषभावतीतून कावेरीकडे जातं, पूर्वेला पडलेलं दक्षिण पिनाकिनीकडे. मोठी नदी नसल्यामुळे जुन्या राजांनी प्रत्येक दरीत एकाखाली एक तळी बांधली. वरचं भरलं की सांडवा ओसंडून खालच्यात. त्या तळ्यांना जोडणाऱ्या ओढ्यांना इथं 'राजकालुवे' म्हणतात. ही रचना सप्टेंबरच्या त्या तीन-चार तासांच्या पावसासाठीच होती. पुढं तळी बुजली. मॅजेस्टिकचा मोठा बस स्टँड धर्मांबुधी तळ्याच्या जागेवर आहे. कंठीरवा स्टेडियम संपंगी तळ्यावर. कोरमंगलात 'एसटी बेड लेआउट' नावाची वसाहत आहे, ते 'एसटी' म्हणजे श्रीनिवागिलू टँक. वसाहतीच्या नावातच तळ्याचा तळ लिहिलेला आहे, आणि मोठा पाऊस झाला की तिथं पाणी शिरतं. पाण्याला आपली जुनी वाट माहीत असते. माणसं मात्र जानेवारीत घर बघतात, तेव्हा ती वाट कोरडी असते, तिच्यावर बाग केलेली असते, बाकडी टाकलेली असतात.

बेळ्ळंदूर हे शहरातलं सगळ्यात मोठं तळं, आणि कोरमंगला-चल्लघट्टा या दरीच्या खालच्या टोकाला. अर्ध्या दक्षिण-पूर्व शहराचं पाणी तिथं जमतं आणि वर्तूरच्या तळ्यातून पुढं जातं. २०२२ च्या ५ सप्टेंबरला सकाळच्या नोंदीत १३१.६ मिलिमीटर पाऊस होता. आऊटर रिंग रोडवर कमरेएवढं पाणी होतं, कंपन्यांतली माणसं ट्रॅक्टरवर बसून कामाला गेली, मोठ्या बंगल्यांतून लोकांना बोटीनं बाहेर काढलं. त्या वर्षी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातच वर्षाचा पाऊस १,७०० च्या वर गेला आणि २०१७ चा उच्चांक मोडला.

माझ्या पुतण्याचा तळमजल्यावरचा फ्लॅट त्याच भागात होता. घरात पाणी चार बोटंच शिरलं, तेवढं पुसून निघालं असतं. पण इथं प्रत्येक इमारतीला जमिनीखाली पाण्याची टाकी असते, तिला सगळे 'संप' म्हणतात. रात्री दीड वाजता गटाराचं पाणी संपच्या झाकणावरून आत गेलं. कोणाला कळलं नाही, सकाळी मोटर लावली आणि तेच पाणी वरच्या टाकीत, तिथून सगळ्यांच्या नळांना. पंधरा दिवस घरातली दोन्ही मुलं आजारी. बिल्डरनं विकताना सांगितलं होतं, "सर, इथं कधी पाणी साचत नाही." विकलं होतं फेब्रुवारीत.

म्हणून बेळ्ळंदूरचा तळमजला मी तुम्हाला घेऊ देणार नाही. सगळाच भाग वाईट असं नाही, तिथंही चढावरच्या गल्ल्या आहेत. पण तळमजला आणि दरी हे दोन्ही एकत्र नको. कुठलंही घर घेताना ब्रोकरला न विचारता वॉचमनला किंवा कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा, "२०२२ ला पाणी कुठवर आलं होतं?" तो हात लावून दाखवतो. कंपाउंडच्या भिंतीवर मातीची आडवी रेघ दिसते का बघा. विजेचे मीटर किती उंचीवर बसवलेत बघा, नुकतेच वर सरकवलेले असतील तर त्यामागे काहीतरी घडलेलं आहे. संपचं झाकण जमिनीच्या बरोबरीत आहे की फूटभर उंच ओट्यावर, ते बघा. पार्किंग तळघरात असेल तर पाणी उपसायचा पंप चालू करून दाखवा म्हणा. आणि गल्लीत उभं राहून बादलीभर पाणी रस्त्यावर ओता. ते तुमच्या फाटकाकडे आलं तर दुसरं घर बघा.

मल्लेश्वरम चढावर आहे, ही जमेची बाजू. पण सगळ्यात वरचा मजला म्हणजे दोन त्रास. मार्च-एप्रिलमध्ये स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अकरापर्यंत उष्णता खाली सोडत राहतो, सासऱ्यांची खोली पश्चिमेला देऊ नका. आणि सप्टेंबरात छत झिरपतं. घरमालकाला गच्चीचं वॉटरप्रूफिंग कधी केलं ते विचारा, आणि करारात गळतीची दुरुस्ती कोणाकडे ते लिहून घ्या. हे जमलं तर मी तेच घर घेईन. एसी पहिल्या वर्षी नको. समोरासमोर खिडक्या असतील तर पंखा पुरतो. पुढच्या एप्रिलमध्ये सहन झालं नाही तर मग बघा.

पाणी सगळीकडे आहे असं वाटू नये म्हणून दुसरी बाजूही सांगतो. २०२३ चा पाऊस कमी झाला आणि २०२४ च्या मार्चमध्ये निम्म्या शहराचे बोअर आटले. आठ-आठ दिवस टँकर मिळेना. त्या एप्रिलमध्ये शहराच्या वेधशाळेत थेंबाची नोंद नाही, असं १९८३ नंतर पहिल्यांदाच झालं. आणि लगेच २ जूनला एका दिवसात १११.१ मिलिमीटर, जूनच्या एका दिवसाचा विक्रम. आधीचा विक्रम १८९१ मधला होता. कावेरीचं पाणी शहराला जवळजवळ शंभर किलोमीटरवरून, पाचशे मीटर उपसून आणावं लागतं. त्यामुळे भाड्याचं घर घेतानाही "कावेरी आहे की बोअर?" हा प्रश्न पहिल्या पाच प्रश्नांत हवा. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षाला नव्वद हजार लिटरहून जास्त पाणी पडतं, ते साठवायची सोय इमारतीत आहे का, हेही विचारून ठेवा. माझ्याकडे मे ते नोव्हेंबर भांडी-धुणी त्याच पाण्यावर होतात.

सासऱ्यांच्या दम्याबद्दल औषधाचं मी बोलणार नाही, ते डॉक्टरांचं. हवेचं सांगतो. इथं श्वासाचा त्रास असणाऱ्यांना दोन काळ जड जातात. एक डिसेंबर-जानेवारीच्या पहाटा. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा थंड होऊन खाली बसते, वर गरम हवेचं झाकण पडतं आणि शहराचा धूर-धुरळा त्याखाली कोंडतो. ऊन चढलं की झाकण उठतं. म्हणून त्या दोन महिन्यांत त्यांचा फिरायचा नेम सकाळी साडेआठनंतरचा ठेवा, पहाटे पाचचा पुणेरी नेम इथं नको. दुसरा काळ फेब्रुवारी-मार्च. रस्त्याकडेचे टॅबेबुया गुलाबी होतात, शहर अतिशय देखणं दिसतं, आणि परागही त्याच वेळी हवेत असतात. गाजर गवत पुण्याप्रमाणेच इथंही मोकळ्या प्लॉटवर माजतं, पावसाच्या सरीनंतर फुलतं. घराशेजारी मोकळा प्लॉट असेल तर ते बघून घ्या. वादळाचा पहिला वाऱ्याचा झोत आला की खिडक्या लावा, त्यात धूळ असते. जुलैतली भुरभुर मात्र बऱ्याच जणांना मानवते. भिंतींना ओल धरू दिली नाही म्हणजे झालं.

सामानाचं. रेनकोटापेक्षा मोठी दणकट छत्री बरी, पण जून-ऑगस्टच्या वाऱ्यात ती उलटी होते, तेव्हा जाकीट. प्रत्येकाला एक पातळ स्वेटर आणि सासऱ्यांना कानटोपी, एवढे गरम कपडे खूप झाले. ते नोव्हेंबर-डिसेंबरातही लागतील, कारण तमिळनाडूच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आलं की इथं दोन-तीन दिवस सूर्य दिसत नाही, भुरभुर लागते आणि दुपारीही अंगावर शाल घ्यावीशी वाटते. २०२४ च्या नोव्हेंबर अखेरीला फेंगल वादळ पुदुच्चेरीजवळ आलं, तेव्हा असंच झालं. गच्चीवर सोलर हीटर असेल तर छान, पण जुलै ते ऑक्टोबर ढगांमुळे त्याच्यावर विसंबता येत नाही, जोडीला छोटा गीझर ठेवा.

गाडी चालवताना एक गोष्ट कृपा करून पाळा. पावसात भुयारी मार्गात पाणी दिसलं तर आत घालू नका, मागच्यांनी कितीही हॉर्न दिले तरी. २०२३ च्या २१ मेला के. आर. सर्कलच्या भुयारी मार्गात भरलेल्या पाण्यात गाडी अडकून एक तरुण मुलगी बुडून गेली. आई-वडील-भावंडांबरोबर शहर बघायला निघाली होती. दुपारी पाऊस सुरू झाल्यावर काही मिनिटांत हे घडलं. तो महिना मे होता, ज्याला आपण उन्हाळा म्हणतो.

तेव्हा मे अखेरीला आलात की "पावसाळ्याच्या आत" आलात असं होणार नाही, पहिल्या उंचवट्यातच याल. तारीख बदलता येत असेल तर जूनचा दुसरा-तिसरा आठवडा घ्या, तोवर वादळी सरी कमी होतात. येत नसेल तरी काळजी नको. मेचा पाऊस सकाळी सहसा येत नाही. पुण्याहून ट्रक अशा बेतानं निघेल असं बघा, की तो इथं सकाळी पोचेल. गाद्या आणि पुस्तकांची खोकी प्लॅस्टिकमध्ये बांधा आणि ट्रकवाल्याला आधीच सांगा की तीन वाजायच्या आत सामान वर चढलं पाहिजे.